लॅपटॉपवरून टॅबवर व्हिडिओ टाकताना नेमकं कुठे अडकतंय ते आधी बघा

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, आई-बाबांसाठी १० इंची अँड्रॉइड टॅब घेतलाय, ६४ जीबीचा. ते आता गावी राहायला जाणार आणि तिथे रेंज धड येत नाही, म्हणून त्यांच्या लग्नाची डीव्हीडी, बहिणीच्या लग्नाचं शूटिंग (अडीच तासांची १८ जीबीची एकच फाईल) आणि आयफोनवर काढलेले नातवंडांचे व्हिडिओ असं सगळं टॅबमध्ये भरून द्यायचंय. केबल लावली तर टॅब नुसता चार्ज होतो, पेन ड्राइव्हवर मोठी फाईल जात नाही, आणि जे काही कसंबसं गेलं त्यात एका फाईलला आवाज नाही, एकीचं चित्र काळं. आणि शेवटी विचारलंय की यासाठी चांगलं अ‍ॅप कुठलं.

अ‍ॅपच्या मागे लागू नका असं मी म्हणेन, निदान आत्ता तरी. माझं कामच कॉम्प्युटर रिपेअरिंगचं आणि जुन्या कॅसेट-डीव्हीडी डिजिटल करून द्यायचं आहे, आणि असे टॅब भरून द्यायला लोक नेहमी येतात. बहुतेकांनी येण्याआधी चार-पाच अ‍ॅप टाकलेली असतात आणि अडचण जिथल्या तिथेच असते, कारण तुमच्यासारखंच तिथेही एक दुखणं नसून दोन-तीन वेगवेगळी एकत्र झालेली असतात. फाईल टॅबपर्यंत पोचतच नाही हा एक प्रकार, पोचते पण तिथे मावत नाही किंवा ती जागा एवढी मोठी फाईल घेतच नाही हा दुसरा, आणि पोचली पण टॅबला ती वाचता येत नाही हा तिसरा. तुम्हाला तिन्ही आहेत. आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणजे केबल कितीही भारी आणली तरी आवाज नसलेल्या फाईलला आवाज येणार नाही.

केबलपासून सुरू करू. टॅब नुसता चार्ज होतोय म्हणजे दोनपैकी एक गोष्ट असते. बऱ्याच स्वस्तातल्या केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या तारा नसतातच, आणि बाहेरून दोन्ही केबल अगदी सारख्या दिसतात. त्यामुळे टॅबच्या बॉक्समधून आलेली केबल शोधा आणि तीच लावा. दुसरं म्हणजे अँड्रॉइड मुद्दामच केबल लावल्यावर 'फक्त चार्जिंग'वर राहतो, सुरक्षिततेसाठी. टॅब अनलॉक करायचा, वरून पडदा खाली ओढायचा, तिथे यूएसबीची सूचना असते तिच्यावर बोट ठेवायचं आणि 'फाईल ट्रान्सफर' निवडायचं. टॅब लॉक असेल तर लॅपटॉपवर टॅबचं नाव दिसतं पण आत फोल्डर रिकामा, आणि लोकांना वाटतं टॅबच बिघडला. डेस्कटॉप असेल त्यांनी पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला लावून बघा, आणि मधे यूएसबी हब असेल तर तो काढा.

आता इथे एक समजून घ्या म्हणजे पुढचं बरंच सोपं जाईल. टॅब लॅपटॉपला लावला तरी तो पेन ड्राइव्हसारखा 'ड्राइव्ह' म्हणून दिसत नाही. पूर्वीचे अँड्रॉइड फोन तसे दिसायचे, पण २०११ च्या अँड्रॉइड ३ च्या सुमारापासून एमटीपी नावाची पद्धत आली. यात लॅपटॉप टॅबच्या मेमरीला थेट हात लावत नाही, टॅबला विनंती करतो की ही फाईल घे, आणि टॅब ती लिहून घेतो. यामुळे फायदा असा की टॅब त्याच वेळी वापरता येतो, तोटा असा की मधे स्क्रीन बंद झाली, केबल हलली किंवा टॅब दुसऱ्या कामात अडकला की 'डिव्हाइसने प्रतिसाद देणं थांबवलं' असा मेसेज येतो आणि ती फाईल पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मोठी कॉपी लावताना टॅब टेबलावर सपाट ठेवा, स्क्रीन टाइमआउट वाढवून ठेवा, एका वेळी एक मोठी फाईल टाका. सगळं सिलेक्ट करून एकदम पेस्ट करायचा मोह होतो पण करू नका, कारण कुठली फाईल पूर्ण गेली आणि कुठली अर्धवट हे नंतर शोधत बसावं लागतं.

आणि कट-पेस्ट कधीच नाही. कायम कॉपी. लग्नाचं शूटिंग पुन्हा मिळत नाही, आणि एमटीपीवर मधेच तुटलेली कॉपी हे इतकं सर्रास होतं की मी मूळ फाईल हलवण्याचा धोका कधीच घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

पेस्ट केल्यावर विंडोज कधी कधी विचारतं की ही फाईल तुमच्या डिव्हाइसवर कदाचित चालणार नाही, 'कन्व्हर्ट अँड कॉपी' करू का. वरच्या पर्यायापुढे 'रेकमेंडेड' लिहिलेलं असतं म्हणून सगळे तोच दाबतात. माझा सल्ला, खालचं 'नो, जस्ट कॉपी' दाबा. रूपांतर करायचंच असेल तर ते आपण आपल्या हाताने, आपल्याला हव्या त्या क्वालिटीत करू, विंडोज परस्पर काय बनवेल यावर आपला ताबा राहत नाही.

वेळेचा अंदाज द्यायचा तर टॅबबरोबर येणारी केबल बहुतेक वेळा यूएसबी २ ची असते, दुसऱ्या टोकाला टाइप-सी असलं तरी. कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळतात. म्हणजे तुमची १८ जीबीची फाईल साधारण दहा मिनिटांत जायला हवी. तासभर लागत असेल तर केबल किंवा पोर्ट बदलून बघा.

वायफायने पाठवावं का, तर छोट्या क्लिपसाठी जरूर. गूगलचं क्विक शेअर विंडोजवर मिळतं, लोकलसेंड नावाचं फुकट अ‍ॅप आहे, दोन्ही चांगली आहेत आणि दोन्हीकडे इंटरनेटचा डेटा जाळावा लागत नाही, दोन्ही उपकरणं एका वायफायवर असली की झालं. पण घरातला राउटर जर २.४ गिगाहर्ट्झवर चालत असेल तर सेकंदाला ४ एमबी मिळाले तरी खूप, म्हणजे त्याच १८ जीबीला सव्वा तास, आणि तेवढ्या वेळात कुणीतरी राउटर बंद केला की गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवणारे पण खूप आहेत, त्यात व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो चेपून बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर क्वालिटी जशीच्या तशी राहते पण २ जीबीच्या वर जात नाही. गूगल ड्राइव्हचे फुकटचे १५ जीबी जीमेल आणि फोटोंसकट असतात, त्यात लग्न मावणार नाही.

पेन ड्राइव्हचं दुखणं वेगळं आहे आणि ते सगळ्यात सोपं आहे. फाईल खूप मोठी आहे असा मेसेज येतो, आणि पेन ड्राइव्हवर तर ३० जीबी मोकळी दिसतेय, मग गोंधळ होतो. कारण ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही (नेमकं सांगायचं तर ४ जीबीला एक बाइट कमी). जागा किती मोकळी आहे याचा संबंध नाही. त्यातलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा, मग लॅपटॉपवर ड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, फाईल सिस्टिममध्ये एक्सफॅट निवडा, क्विक फॉरमॅट. एनटीएफएस निवडू नका, लॅपटॉपला चालतं पण बऱ्याच टॅबना ते वाचता येत नाही. एक्सफॅट सुद्धा टॅबच्या कंपनीवर अवलंबून आहे, अलीकडचे बहुतेक टॅब वाचतात, काही स्वस्तातले वाचत नाहीत. आणि हे नीट लक्षात ठेवा, टॅबला पेन ड्राइव्ह वाचता आला नाही तर तो म्हणतो ड्राइव्ह खराब आहे, फॉरमॅट करू का. तिथे हो म्हणायचं नाही. ड्राइव्ह खराब नसतो, टॅबला फक्त ती पद्धत येत नसते, आणि हो म्हटलं की आतलं सगळं पुसलं जातं. आई-बाबांना हे एवढं एक सांगूनच ठेवा.

टॅबला मेमरी कार्डचा खाचा असेल तर मी पेन ड्राइव्हपेक्षा तो रस्ता घेईन. ६४ जीबी किंवा त्यावरची कार्डं बाजारात एक्सफॅटमध्येच येतात, लॅपटॉपला कार्ड रीडर लावून थेट कार्डावर कॉपी करायची, एमटीपीची कटकटच नाही. कार्ड टॅबमध्ये पहिल्यांदा घातल्यावर काही टॅब विचारतात, पोर्टेबल म्हणून वापरू की इंटर्नल, तिथे पोर्टेबल. इंटर्नल केलं की टॅब ते पुसून स्वतःच्या कुलुपात बांधून घेतो आणि मग लॅपटॉपला ते वाचता येत नाही. कार्ड मात्र बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. अगदी स्वस्तात मिळणाऱ्या ५१२ जीबीच्या नकली कार्डात खरी जागा थोडीच असते, भरताना सगळं गेल्यासारखं दाखवतात आणि बघायला गेलं की अर्ध्याहून जास्त फाईली उघडत नाहीत.

आता आवाज आणि चित्राचं, कारण खरी मेहनत इथे आहे. एमपी४ किंवा एमकेव्ही हे फाईलचं बाहेरचं वेष्टन आहे, आत चित्र एका पद्धतीने दाबलेलं असतं आणि आवाज दुसऱ्या. म्हणून दोन एमपी४ फाईलींपैकी एक चालते आणि एक चालत नाही. या दाबायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. आत कुठलं आहे ते लॅपटॉपवर व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये फाईल उघडून टूल्समध्ये कोडेक इन्फर्मेशन बघितलं की कळतं. चित्र नाही, काळी स्क्रीन, किंवा चित्र अडखळतंय आणि आवाज पुढे पळतोय असं असेल तर चित्र बहुतेक एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ मध्ये असतं, आणि टॅबच्या प्रोसेसरला ते झेपत नाही. आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून तसंच रेकॉर्ड करतात, सेटिंग बदललं नसेल तर, त्यामुळे तुमची काळी फाईल नातवंडांपैकीच कुठलीतरी असणार असा माझा अंदाज आहे. त्यातही नव्या आयफोनवर एचडीआर (उजेड आणि रंग जास्त ठळक टिपायची पद्धत) चालू असतं, ते साध्या टॅबवर चाललं तरी रंग फिके, धुतल्यासारखे दिसतात. चित्र आहे आणि आवाज नाही असं असेल तर आवाज एसी३ किंवा डीटीएस मध्ये असतो, काही प्लेअरमध्ये लायसन्समुळे हे दोन दिलेले नसतात.

म्हणून सगळ्यात आधी काहीही रूपांतर न करता टॅबवर व्हीएलसी टाका आणि त्याच फाईली त्यात लावून बघा. आवाजाचं काम बहुतेक वेळा तेवढ्यानेच होतं. चित्राचं होईलच असं नाही, कारण व्हीएलसी झालं तरी शेवटी जोर प्रोसेसरचाच लागतो, आणि तो तुमच्या टॅबचा किती आहे यावर अवलंबून.

नाहीच झालं तर हँडब्रेक, म्हणजे व्हिडिओचं रूपांतर करणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, लॅपटॉपवर चालतं. बहिणीच्या लग्नाची १८ जीबीची फाईल कदाचित ४के असेल, आणि १० इंची टॅबचा पडदा बहुतेक वेळा १९२० बाय १२०० च्या आसपास असतो, स्वस्तातल्यांचा १२८० बाय ८०० पण असतो. म्हणजे ४के असेल तर ते जास्तीचे पिक्सेल टॅब दाखवणारच नाही, नुसती जागा खाणार आणि बॅटरी. 'फास्ट १०८०पी३०' हा प्रिसेट (आधीच तयार ठेवलेली सेटिंग) निवडा, तो एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असं एमपी४ बनवतो, आणि हे आजकालच्या जवळपास कुठल्याही टॅबवर चालतं. साइजचा हिशोब सोपा आहे, सेकंदाला किती मेगाबिट गुणिले एकूण सेकंद भागिले आठ. अडीच तास म्हणजे ९,००० सेकंद, सरासरी ४ मेगाबिट पडले तर साडेचार जीबी. ७२०पी घेऊन सरासरी २ मेगाबिट पडले तर सव्वादोन जीबी, आणि मग फॅट३२ पेन ड्राइव्हचा प्रश्नही आपोआप मिटतो. मी तुमच्या जागी १०८०पी घेईन, कारण लग्नात मागे बसलेल्या माणसांचे चेहरे ओळखू येणं हीच तर आई-बाबांची गंमत असते, आणि ७२०पी मध्ये तेच आधी पुसट होतात. जागा तुमच्याकडे आहे.

पूर्ण फाईल लावायच्या आधी हँडब्रेकमध्ये 'रेंज' नावाचा पर्याय असतो तिथे सेकंद निवडून मधलाच एक मिनिटाचा तुकडा बनवा, शक्यतो जिथे गर्दी आणि हालचाल आहे असा, वरातीचा म्हणा. तो टॅबवर टाका, चालवा, आवाज बघा, पुढे-मागे करून बघा. ठीक असेल तरच पूर्ण फाईल रात्री लावून झोपा, कारण जुन्या लॅपटॉपला ४के फोडायला तासनतास लागतात.

फक्त आवाजाचीच अडचण असेल तर पूर्ण चित्र पुन्हा बनवायची गरज नाही, त्यात वेळही जातो आणि थोडी क्वालिटीही. अ‍ॅव्हिडेमक्स या व्हिडिओ एडिटरमध्ये फाईल उघडा, व्हिडिओ आउटपुट 'कॉपी'वर राहू द्या, ऑडिओ एएसी करा, फॉरमॅट एमपी४ मक्सर, सेव्ह. काही मिनिटांत होतं.

राहिली आई-बाबांच्या लग्नाची डीव्हीडी, आणि मला विचाराल तर तुमच्या सगळ्या सामानात सगळ्यात जपायची हीच. डीव्हीडी कॉपी करून तुमच्याकडे व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर आला असेल, आत व्हीओबी नावाच्या फाईली, प्रत्येक साधारण १ जीबीची. ते एकच शूटिंग आहे, डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे तुकड्यात ठेवलेलं. लोक हे तुकडे तसेच टॅबवर टाकतात, मग सप्तपदी चालू असताना मधेच फाईल संपते, आणि बऱ्याचदा वेळेचा काटाही चुकीचा दाखवतो. शिवाय त्यातली एखादी नुसती मेनूची असते. हँडब्रेकमध्ये आतली एकेक फाईल न उघडता अख्खा फोल्डर द्या. तो टायटल शोधून काढतो, त्यातलं सगळ्यात लांबीचं म्हणजे तुमचं लग्न, आणि सगळे तुकडे सलग जोडून एकच एमपी४ देतो. प्रिसेट 'फास्ट ५७६पी२५'. इथे १०८०पी निवडून काही मिळत नाही, आपल्याकडच्या डीव्हीडीत मुळात ७२० बाय ५७६ इतकंच चित्र आहे.

एक गोष्ट मात्र हाताने बघा. त्या काळचं शूटिंग इंटरलेस्ड असतं, म्हणजे प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांनी बनलेलं, एकाआड एक ओळी. जुन्या टीव्हीवर ते छान दिसायचं, टॅबवर मात्र अक्षता टाकताना हात हलले की हाताच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा दिसतात. हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये डिइंटरलेस असतं, तिथे डीकॉम्ब किंवा यादिफ चालू आहे ना ते बघा आणि अक्षतांचाच एक मिनिटाचा तुकडा काढून खात्री करा. दोन तासांना साधारण दीड-दोन जीबी होतील, कॅसेटवरून आलेलं असेल आणि चित्रात दाणे जास्त असतील तर थोडी जास्त, कारण दाणे दाबायला जड जातात. चित्र चौकोनी येईल, दोन्ही बाजूंना काळे पट्टे, ते तसंच बरोबर आहे. पडदा भरावा म्हणून ताणू नका, सगळी माणसं जाडी दिसतात. आणि एमपी४ झाली म्हणून तो मूळ फोल्डर उडवू नका. तो लॅपटॉपवर आणि एका हार्ड डिस्कवर असा दोन ठिकाणी ठेवा, डीव्हीडीची तबकडी वर्षानुवर्षं टिकेलच याची खात्री नसते.

कोणाकडे आयपॅड असेल तर रस्ता वेगळा आहे. तिथे सोपं म्हणजे व्हीएलसीमध्ये वायफाय शेअरिंग चालू करायचं, ते एक पत्ता दाखवतं, तो लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाकायचा आणि फाईल ओढून सोडायची. २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून पेन ड्राइव्ह पण फाइल्स अ‍ॅपमध्ये उघडतो, एक्सफॅट चालतो. आणि ओटीटीवरून डाउनलोड केलेले सिनेमे कुठल्याच टॅबवर असे कॉपी होत नाहीत, त्यांना कुलूप असतं, ते टॅबवरच्या त्याच अ‍ॅपमध्ये घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवायचे.

टॅब हातात देण्याआधी थोडं अजून. नावं मराठीत लिहा, आणि आधी आकडा, '०१ आई-बाबा लग्न', '०२ ताईचं लग्न' असं, म्हणजे क्रम बदलत नाही. नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह नको, ते पेन ड्राइव्हला आणि कार्डाला चालत नाही. व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये मीडिया लायब्ररी फोल्डर असतं तिथे फक्त या व्हिडिओंच्या फोल्डरवर टिक ठेवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरचे सगळे सुप्रभात त्याच यादीत येऊन बसतात आणि लग्न सापडत नाही. आणि प्रत्येक फाईलची शेवटची दोन मिनिटं टॅबवर लावून बघा. सुरुवात बघून काही कळत नाही, कॉपी अर्धवट राहिलेली फाईल सुद्धा सुरुवातीला बऱ्याचदा झकास चालते. हे सगळं करताना टॅब विमान मोडवर ठेवून तपासा, म्हणजे नेट नसताना काय होईल ते घरीच कळेल.

थोडक्यात क्रम असा, बॉक्समधली केबल आणि 'फाईल ट्रान्सफर', मग टॅबवर व्हीएलसी, त्यातही जे चालणार नाही तेवढंच हँडब्रेकमधून, आणि डीव्हीडी मात्र कुठल्याही परिस्थितीत हँडब्रेकमधूनच. व्हीएलसी टाकल्यावरही ती आवाज नसलेली फाईल गप्पच राहिली तर तिचं कोडेक इन्फर्मेशनचं पान आणि टॅबचं मॉडेल इथे टाका, ऑडिओ बदलून भागतंय की पूर्ण फाईल बनवावी लागेल ते बघून सांगतो.